कोंडवाड्याचे दार

मित्रांनो, मी दार आहे. देऊळ नाही, नवसाचा दगड नाही, भविष्य सांगणारा पोपट तर नाहीच नाही. चार जाड फळ्या, दोन बिजागऱ्या आणि एक कडी, एवढाच माझा पसारा. हे आमच्या गावाला एकदा ओरडून सांगावे असे मला फार वर्षांपासून वाटते. पण दाराला आवाज असतो तो कुरकुरण्यापुरता, आणि मी कुरकुरले, की थिसल क्रीकची माणसे एकमेकांना कोपरखळी मारून म्हणतात, "ऐकलंस? दार बोललं! आज आपण जिंकणार." आता काय डोके आपटून घ्यावे? तेही घेते म्हणा, सामन्यागणिक, चौकटीवर.

मी बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाला लागून असलेल्या एका खोपटाचे दार आहे. खेळताना कुणी काठीने दुसऱ्याचा पाय ओढला, कोपर मारले, की पंच शिट्टी फुंकतो आणि त्या पोराला दोन मिनिटे या खोपटात बसवतो. तेवढा वेळ त्याच्या संघाने एक गडी कमी घेऊन खेळायचे. समोर उंच जाड काच, मागे भिंत, बसायला बाक, बाहेर पडायला मी. गावात सगळे याला कोंडवाडा म्हणतात. शिक्षा संपली की दारावरचा माणूस कडी काढतो आणि आतले पोर सुटलेल्या वासरासारखे बर्फावर उडी घेते. म्हणजे घ्यायला हवी.

वासराचे नाव मी उगाच घेतले नाही. गावात मुलांचा संघ निघाला तेव्हा इथे धान्याची उंच कोठारे होती, रेल्वेचा एक फलाट होता आणि अर्धे वर्ष हिवाळा होता. शेते बर्फाखाली झोपली की तरण्या पोरांनी करायचे काय? म्हणून शेतकऱ्यांनी आणि रेल्वेच्या कामगारांनी मिळून एक भलीमोठी पत्र्याची शेड उभी केली, आत नळीने पाणी सोडले, आणि थंडीने त्याचे आरशासारखे अंगण करून दिले. शरदात आमच्या शेतांवर क्रेन पक्षी उतरतात, उंच पायांचे, राखी, कपाळावर लाल टिकली लावलेले. त्यांचे नाव संघाला दिले: थिसल क्रीक क्रेन्स. चर्चमधल्या बायकांनी जर्सीवर पक्षी भरून दिला तो मात्र कोंबडीसारखा दिसे. बाहेरगावचे प्रेक्षक सामनाभर कोंबड्यांचे आवाज काढत. आणि पहिली काही वर्षे आमची पोरे खेळली कोंबड्यांसारखीच, तेव्हा कुणाला काय बोलणार?

मला घडवले पीटर वीब नावाच्या सुताराने. गावाबाहेरच्या मेनोनाइट वस्तीत तो राहत असे. ती देवभीरू, साधी माणसे. खेळतमाशांच्या वाटेला न जाणारी. हॉकी हा शब्दच त्याने ऐकलेला, खेळ कधी पाहिलेला नाही.

"कसलं दार पाहिजे?" त्याने विचारले.

"आडदांड पोरं कोंडायला," मैदान सांभाळणाऱ्या समितीचे लोक म्हणाले. "मजबूत हवं. धडका बसतील, त्या सोसल्या पाहिजेत."

"म्हणजे वासरांचंच की."

आणि त्याने वासरांच्या गोठ्याला शोभेल असे दार केले. फळ्या पक्क्या वाळलेल्या, कडा हाताने गुळगुळीत केलेल्या. मला चौकटीत बसवून त्याने मला करंगळीने उघडले, करंगळीनेच मिटले, आणि आत डोकावून गंभीरपणे विचारले, "आणि वैरण कुठं टाकता?"

त्या करंगळीची मला अजून आठवण येते. मित्रांनो, मी एकेकाळी करंगळीने उघडत होते.

पुढे गावाला हौस आली. आपोआप गोठणारे बर्फ मार्चमध्येच पाघळते, म्हणून जमिनीखाली नळ्या घालून यंत्राने बर्फ गोठवू लागले. ऐन वसंतापर्यंत खेळ रंगू लागला, टाळ्या वाजल्या. पण गार नळ्यांनी खालची मातीही गोठत गेली, गोठली तशी फुगली, फुगली तशी माझी चौकट तिने एका बाजूने उचलली. माझा खालचा कोपरा उंबरठ्याला घासू लागला. एका दुपारचे काम होते, मित्रांनो. रंध्याचे चार हात मारले असते, बिजागरीत दोन थेंब तेल सोडले असते, की संपले. "करू की, हंगाम संपला की करू," असे म्हणत होते. आणि त्याच हंगामात ओरेस्टने तो गोल केला.

ओरेस्ट बोयचुक तेव्हा एकोणीस वर्षांचा, लांब टांगांचा, खरोखर क्रेनसारखा दिसणारा एकुलता एक क्रेन. अजिंक्यपदाचा शेवटचा सामना फोर्ट ॲशच्या मेंढ्यांशी होता. मेंढे हे त्यांच्या संघाचे नाव, मी शिवी देत नाही. बरोबरी होती. त्यांचा एक दांडगट गडी माझ्यामागे कोंडलेला, कारण तेव्हा मी पाहुण्यांच्या कोंडवाड्याचे दार होते. ओरेस्टने रबरी चकती आपल्या गोलापासून काठीवर घेतली ती एकट्याने, साऱ्या मैदानाची लांबी कापत, दोघांना झुकांडी देत नेली. गोलरक्षक गुडघ्यांवर आला, आणि ओरेस्टने चकती त्याच्या खांद्यावरून अलगद आत सोडली. जात्यावर बसलेल्या बाईने मूठभर दाणे सोडावेत इतक्या अलगद.

चकती जाळ्यात गेली, मग शिक्षेची वेळ संपली, मग त्या मेंढ्याने मला हात लावला, आणि मग मी अडकले. हा क्रम आहे. मी तिथे होते. माझ्याइतके जवळ कुणीच नव्हते.

पण लोकांनी काय पाहिले? गोलाचा लाल दिवा लागलेला, आणि इकडे मेंढा लाथा घालून मला उघडू पाहतोय. एवढे पाहिले आणि सगळी शेड ओरडली, "दारानं धरलं! दारानं धरून ठेवलं त्याला!"

त्या दिवसापासून तो गोल ओरेस्टचा राहिला नाही. तो दाराचा गोल झाला. गावाला जन्मात पहिल्यांदा मोठा चषक मिळाला, आणि मला मिळाले देवपण. खेळाडू मैदानात उतरताना हातमोजा काढून मला शिवू लागले. पोरींनी गाणे रचले:

दारा दारा, घट्ट धर,
पाहुण्याला आत कर,
क्रेन उडाली आभाळभर,
मेंढ्या, गाठ तू आपुलं घर!

ऐकायला गोड आहे, नाही म्हणत नाही. पण या गाण्यापायी माझी दुरुस्ती कायमची बंद झाली.

ओरेस्टचा गुडघा पुढे निकामी झाला. मोठ्या शहरांतून बोलावणी यायची ती आलीच नाहीत. तो गावातच राहिला, धान्याच्या कोठारावर कामाला लागला, आणि सामन्यांच्या दिवशी माझ्या कडीवर येऊन उभा राहू लागला. गावातली पोरे त्याला गीदो म्हणतात. त्याच्या युक्रेनी आजीआजोबांच्या बोलीत आजोबाला हीच हाक. दर शरदात, हंगामाआधी, समितीची सभा मैदानाच्या बाकांवर भरते, कारण कॉफीची किटली तिथेच असते. दर सभेत ओरेस्ट उठतो.

"कोंडवाड्याच्या दाराला रंधा मारायला हवा."

समितीची अध्यक्ष बर्निस मॅकाय. उपाहारगृह तिच्याकडे, तिकिटे तिच्याकडे, आणि आवाज असा की पंचाच्या शिट्टीने मागे सरावे. "ओरेस्ट, खाली बस. त्या दारानं आपल्याला चषक दिला."

"चषक मी दिला, बर्निस."

"तू दिलास, दारानं दिला, दोघांनी मिळून दिला. फ्राइज घे. गरम आहेत."

लोक हसायचे. ओरेस्टही हसायचा. पण माझ्या कडीवर हात ठेवून उभा राहिला की त्याचा तळहात मला कळायचा. आपले पोर लोकांनी दुसऱ्याच्या मांडीवर बसवून ठेवावे आणि आपण लांबून बघत राहावे, तसा तो हात होता.

आता मित्रांनो, खरा वेडेपणा ऐका. काही वर्षांनी कपडे बदलायच्या नव्या खोल्या बांधल्या, त्या मैदानाच्या माझ्याकडच्या टोकाला. त्यामुळे आमच्या संघाचे बाक तिकडून इकडे आले आणि कोंडवाड्यांचीही अदलाबदल झाली. पाहुण्यांचा होता तो आपला झाला. म्हणजे आता माझ्यामागे कोंडली जाऊ लागली ती आपलीच पोरे! अडकायची ती आपलीच पोरे! पलीकडच्या कोंडवाड्याला नवे कोरे दार, फुंकर मारली तरी उघडणारे, आणि त्यातून पाहुणे झुळकन बाहेर. तरी गाव गातेय, "दारा दारा, घट्ट धर!" अरे कुणाला धरू? पाहुणा कुठे आहे आत? आत तर तुमच्याच घरचा आहे!

ओरेस्टने सभेत हेच सांगितले.

"दारच तेच आहे ना?" बर्निस म्हणाली. "मग शकुनही तोच."

"अगं, पण आत आपली पोरं असतात आता!"

"मग त्यांनी गुन्हे करू नयेत. दारानं शिस्त लावली म्हणायची."

मी त्या सभेनंतर महिनाभर थंडीत आकसून राहिले, निदान तेवढ्याने तरी घासणे कमी व्हावे म्हणून. पण सामन्याला गर्दी जमली, माणसांच्या श्वासांनी शेड दमट झाली, की लाकूड पुन्हा फुगते. मला इच्छा असून उपयोग नाही. रंधा हवा.

मग डेव्हिन आला. डेव्हिन कार्डिनल, उत्तरेकडच्या सरोवरांपलीकडल्या क्री आदिवासींच्या वस्तीतला. संघातली बाहेरगावची मुले गावकऱ्यांच्या घरी राहतात, तशी आमची रीत आहे. डेव्हिन राहिला ओरेस्ट आणि लोरेनकडे. लोरेन म्हणजे ओरेस्टची बायको. गुणफलक तीच चालवते. पोरगा थोडा बुजरा, पण बर्फावर उतरला की पाण्यावरून चपटा दगड उड्या मारत जावा तसा जाई. एकच खोड, कुणी मित्राला पाडले की याची काठी सुटे. म्हणून माझी-त्याची गाठ वारंवार पडे. आत बसला की तो ओरेस्टशी गप्पा मारी.

"गीदो, तुमचा तो दाराचा गोल खरंच कसा झाला?"

"दाराचा नाही रे बाबा. माझा."

"सगळे म्हणतात..."

"सगळे म्हणतात. वेळ झाली. ऊठ, खांदा लाव माझ्याबरोबर."

आणि दोघे मिळून मला ढकलत.

त्या वर्षी डेव्हिनचा शेवटचा हंगाम होता. वय उलटले की या मुलांच्या संघात खेळता येत नाही. पुढे कुणी बोलावले तर हॉकी, नाहीतर घर. क्रेन्स इतक्या वर्षांनी पुन्हा अंतिम फेरीत आले, आणि समोर पुन्हा फोर्ट ॲशचे मेंढे. दोन्ही संघ सामन्याला सामना जिंकत चालले होते. शेवटून दुसऱ्या सामन्यात डेव्हिन आत होता. वेळ संपली. ओरेस्टने कडी काढली. मी अडकले.

"गीदो!"

"ढकल! खालून ढकल!"

एक मेंढा मोकळा धावत गेला. आमची पोरे मैदानात एकाने कमीच, कारण एक माझ्यामागे खांदा लावून रडकुंडीला आलेला. त्यांनी गोल मारला. मग मी उघडले, अगदी सावकाश, सुस्कारा टाकत. मला त्या क्षणी जळणात टाकले असते तर बरे वाटले असते.

सामना गेला. आता एकच उरला. जो हरेल तो घरी. आणि बर्निस काय म्हणाली माहीत आहे?

"दार रुसलंय. आज कोणीतरी हातमोजा न काढता शिवलं असणार. कोण तो?"

शपथेवर सांगते, तिने खरोखर चौकशी केली.

त्या रविवारी चर्चच्या सभागृहात सारे गाव पिरोग्या, म्हणजे बटाट्याचे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायला जमले होते; शेवटच्या सामन्याला विकायच्या असतात त्या. तासाभरात ओरेस्ट आणि लोरेन तिथून हळूच निसटून रिकाम्या शेडमध्ये आले. लोरेनच्या हातांना अजून पीठ लागलेले. ओरेस्टच्या हातात रंधा होता.

"लोक मला गावातून हाकलतील," तो म्हणाला.

"हाकलू देत. पण संसारभर मी या दाराचं रडगाणं ऐकतेय, ओरेस्ट. आज मार तो रंधा, नाहीतर यापुढे घरात दाराचं नाव काढायचं नाही."

"आणि मारून हरलो तर? म्हणतील, याच्यामुळेच हरलो."

"हरलो तर मी म्हणेन, पिरोग्यांमुळे हरलो. धर नीट, मी खालून आधार देते."

रंध्याखालून लाकडाचे पातळ, पिवळे छिलके वळत वळत पडले. लाकडाच्या आतला रंग इतक्या काळाने उजेडात आला. अजून त्याला वास होता. बिजागऱ्यांत तेल उतरले. मग ओरेस्टने करंगळीने मला लावले, करंगळीने उघडले. लोरेनने लगेच मिटले, पुन्हा उघडले. दोन म्हातारी माणसे खेळणे मिळाल्यासारखी मला उघडत-मिटत उभी राहिली. छिलके लोरेनने ॲप्रनमध्ये गोळा केले आणि ती दोघे पिरोग्या वळायला परत गेली.

शेवटच्या सामन्याला शेड अशी भरली की वरच्या पत्र्यातून श्वासांचे थेंब टपकत होते. पुन्हा बरोबरी. पुन्हा डेव्हिन माझ्यामागे; कुणी त्याच्या सवंगड्याला काचेवर दाबले होते आणि याची काठी सुटली होती. ओरेस्ट कडीवर. मेंढ्यांचे सगळे गडी पुढे आमच्या गोलावर तुटून पडलेले. मागे कुणी राखायला नाही. या गावाचे दार अडकते हे त्यांनाही ठाऊक होते ना!

"गीदो, खांदा लावू?"

"नको. तू नुसता उभा राहा. बर्फाकडे बघ."

वेळ संपली. मी उघडले. आवाज न करता.

त्याच क्षणी आमच्या बचावपटूने कशीबशी मारलेली चकती मधल्या रेषेवरून घरंगळत येत होती. डेव्हिन तिच्यावर झेपावला. मागे मेंढे वळले, पण फार उशिरा. तो एकटा गेला, सरळ, मान खाली घालून. गोलरक्षक पुढे आला. डेव्हिनने चकती डावीकडे दाखवली, उजवीकडे ओढली, त्याला बसवले, आणि रिकाम्या कोपऱ्यात ती सरकवली. फसवणारी ती काठी, धावणारे ते पाय, दम रोखणारी ती छाती. सगळे त्याचे.

लाल दिवा लागला. शेड फुटेल असा आवाज झाला. आणि मग, मित्रांनो, मला तो आवाज नीट ऐकू आला.

"दार! दार! दार! दार!"

मला वाटले, फळ्या सुटून पडाव्यात.

सामना संपला, चषक आला. सगळे गाव बर्फावर उतरले, आणि डेव्हिन गर्दीतून निघून माझ्यामागे बाकावर येऊन बसला. त्याने फोन लावला, घरी, आपल्या कोकुमला. त्यांच्या बोलीत आजीला कोकुम म्हणतात.

"कोकुम, जिंकलो. हो, मीच मारला." तिकडून तिने काही विचारले. "नाही गं, इथं दाराचा म्हणतात. असू दे. गंमत असते त्यांची. मी मारला, हे तुला माहीत आहे ना? मग झालं."

ओरेस्ट कडीवर हात ठेवून उभा होता. तो तळहात मला कळला. पण या वेळी तो लांबून बघत राहणाऱ्याचा नव्हता.

बर्निस लाल फीत घेऊन आली, मागे अर्धे गाव. "सरका, सरका! दाराला बांधायची आहे. पुन्हा दाराचा गोल! बघितलंत? मेंढ्यांना वाटलं अडकणार, आणि दारानं कसं फसवलं!"

"दारानं काही केलं नाही," ओरेस्ट म्हणाला.

"झालं याचं सुरू."

"मी रंधा मारलाय त्याला. रविवारी."

फीत बर्निसच्या हातातच राहिली. "तू दाराला हात लावलास?"

"हात नाही, रंधा. तेलही घातलं."

"आणि हरलो असतो तर?" मागून कुणीतरी ओरडले.

"तर चांगल्या दारातून बाहेर पडून हरलो असतो." ओरेस्टने डेव्हिनकडे बोट केले. "दार उघडलं. दाराचं कामच ते. चकतीवर झेपावला तो. गोलरक्षकाला बसवलं त्यानं. त्याची आजी तिकडे फोन धरून बसलीय, आणि तुम्ही इथे लाकडाच्या नावानं ओरडताय. याला नाव आहे. डेव्हिन कार्डिनल. त्याचा गोल आहे. माझ्याकडून वाटल्यास कडी काढून घ्या. पण याचा गोल याला द्या."

मग गुणफलकाच्या खोलीतून लोरेनचा आवाज भोंग्यावर आला, तिखट आणि स्पष्ट: "थिसल क्रीकचा विजयी गोल. डेव्हिन कार्डिनल." आणि क्षणभराने: "आणि मागच्या चषकाचा विजयी गोल, ओरेस्ट बोयचुक. उशिरा कळवल्याबद्दल क्षमस्व."

आधी कुणीतरी हसले. मग कुणी डेव्हिनचे नाव घेतले, मग सगळ्यांनी. डेव्हिनने फोन उंच धरला, कोकुमला ऐकू जावे म्हणून. मग वाकून तो म्हणाला, "मग गीदो, तुमचाही गोल तुमचाच होता."

ओरेस्ट उगाच माझी कडी लावत आणि काढत राहिला.

तुम्हाला वाटेल, गाव शहाणे झाले. छे! पुढच्या हंगामाआधी बर्निस स्वतः तेलाची बुधली घेऊन आली. "रंधा मारला आणि जिंकलो," ती सभेत म्हणाली, "म्हणजे रंधा शुभ. आता दर वर्षी मारायचा!" आणि मारतात हो. गरज असो नसो, वाजतगाजत मारतात. मी इतकी पातळ झाले आहे की खालून वारा शिरतो आणि आतल्या पोरांचे पाय गारठतात. आधी दुरुस्तीवाचून कुढले, आता दुरुस्तीने झिजतेय!

म्हणून मित्रांनो, कळकळीने सांगते. दार घासत असेल तर रंधा मारा, कुरकुरत असेल तर तेल घाला, आणि नीट चालत असेल तर कृपा करून त्याला सुखाने राहू द्या. वस्तूला जपायचे ते ती काय करते हे बघून. तिच्यावर आपण रचलेल्या गोष्टी ऐकून नव्हे. आणि कुणी मूल घामाने निथळत, धापा टाकत तुमच्यासमोर येऊन उभे राहिले, तर आधी त्याला त्याच्या नावाने हाक मारा. माझ्याकडे मागाहून बघा. मी कुठे जाणार? मला बिजागऱ्या आहेत.